डॉर्सेटच्या समुद्रावर सुट्टी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. लंडन, रेडिंग, मिल्टन कीन्सकडची मराठी मंडळी आणि उन्हाळ्यात मुलांकडे येणारे आईवडील, सगळ्यांचं विचारणं एकच: समुद्रावर जायचंय, पण शहरातली गर्दी नको. शेतं, जुनी गावं आणि समुद्र असं एकत्र कुठं मिळेल? माझं उत्तर गेली बारा वर्षं तेच आहे: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डॉर्सेट. फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलेलं इथं लिहून ठेवते आहे.

डॉर्सेटच का? सगळे तर कॉर्नवॉलला जातात.

कॉर्नवॉल सुंदर आहे, पण लांब आहे. लहान मुलं आणि आजीआजोबा बरोबर असले की जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटलेली गाडी वेमथला साधारण पावणेतीन-तीन तासांत पोचते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटमधल्या स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी सुळक्यांपर्यंतचा सुमारे १५० किलोमीटरचा किनारा ‘ज्युरासिक कोस्ट’ म्हणून ओळखला जातो. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. इथले खडक वयाच्या क्रमाने मांडल्यासारखे आहेत. पश्चिमेला सगळ्यात जुने तांबडे, मग लाईम रीजिस (थोडक्यात लाईम) या गावाकडचे करडे, आणि पूर्व टोकाला खडूचे पांढरेशुभ्र. एवढ्या पट्ट्यात १८ कोटी ५० लाख वर्षांचा काळ उघडा पडलेला आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्ह्यात मासे आणि शिंपले टिकून राहत नाहीत. डॉर्सेटचा खडक मात्र समुद्राच्या तळाशी गाळ साचून तयार झाला, त्यामुळे पायाखालच्या साध्या धोंड्यातही काहीतरी असू शकतं. ज्यांचं बालपण काळ्या पाषाणात गेलं त्यांना हा किनारा वेगळाच वाटतो.

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना दर वर्षी सांगावं लागतं.

आपल्याला हवं ते जवळजवळ सगळं, म्हणजे जीवाश्म शोधणं, खडकांतल्या डबक्यांत खेकडे बघणं, कड्यांच्या पायथ्याने चालणं, हे ओहोटीलाच जमतं. भरतीत कित्येक ठिकाणी पुळण उरतच नाही, लाटा थेट कड्याला लागतात. म्हणून आधी त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढायच्या आणि मग दिवस त्याप्रमाणे लावायचा. सकाळी अकराला ओहोटी असेल तर नऊला किनाऱ्यावर असावं आणि पाणी फिरायच्या सुमाराला परतीला लागावं. पाणी उतरत असताना जायचं, चढत असताना नाही.

आमच्या स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिचा इथं खरोखर उपयोग होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी खूप आत जातं, एरवी न दिसणारे खडक दिसतात, पण परत येतानाही ते तितक्याच जोराने येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. लाईमकडे उधाणाला पाणी सुमारे चार मीटर चढतं-उतरतं. पूल (Poole) नावाच्या गावाच्या बंदरात मात्र फरक जेमतेम दोन मीटरचा, आणि तिथं एका भरतीत पाणी दोनदा चढतं. म्हणजे एका गावाचं वेळापत्रक दुसऱ्या गावात चालत नाही.

एकदा आम्ही चारमथहून लाईमकडे किनाऱ्याने चालत निघालो होतो. मुलं दगड बघत रमली, आणि अर्ध्या वाटेवर पुढच्या टोकाला पाणी लागलेलं दिसलं. तिथूनच मागे फिरलो. एका बाजूला ओल्या मातीचा कडा आणि दुसऱ्या बाजूला चढता समुद्र, मध्ये सुटकेची वाट नाही. त्यानंतर वेळापत्रक खिशात असल्याशिवाय मी तिथं पाऊल टाकलेलं नाही.

राहायचं कुठं आणि किती दिवस?

एकाच गावात, निदान पाच दिवस. रोज मुक्काम बदलत फिरू नका. इथले रस्ते अरुंद आहेत, दोन्हीकडे कुंपणाच्या उंच झाडोऱ्यात गाडी अडकते, आणि नकाशावर वीस किलोमीटर दिसतं त्याला ऑगस्टमध्ये तास जातो.

जीवाश्मांसाठी आणि चढउतारांच्या गल्ल्यांच्या जुन्या गावासाठी लाईम रीजिस. लहान मुलं, वयस्क माणसं आणि रेल्वे अशी सगळी गरज असेल तर वेमथ. किल्ला, वाफेचं इंजिन आणि पुळण एकत्र हवी असेल तर स्वॉनिज.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. शाळांच्या सुट्टीत अशी घरं बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशी पूर्ण आठवड्याचीच मिळतात, आणि ऑगस्टसाठी जानेवारीतच बघायला लागावं लागतं. फोडणी करण्याआधी खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. जुन्या घरांतले धुराचे अलार्म मोहरी तडतडल्याबरोबर वाजतात.

कोणत्या महिन्यात जावं?

जून. कोकणात मृगाचा पाऊस सुरू होऊन होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तेव्हा इथं वर्षातले सगळ्यात मोठे दिवस असतात. सूर्य साडेनऊच्या थोडा आधी मावळतो. शाळा सुरू असल्याने गर्दी कमी आणि घरांचे भाडे आटोक्यात. ज्यांना पोहायचंय त्यांनी सप्टेंबर धरावा, कारण समुद्र उन्हाळाभर हळूहळू तापत जातो आणि ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला सर्वांत सुसह्य असतो. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते. ते शनिवार-रविवार-सोमवार टाळाच.

जीवाश्म खरंच सापडतात का? ते उचलायला परवानगी आहे?

सापडतात. दुकानातून घेतलेले नव्हेत, स्वतःच्या हाताने, वाळूतून.

लाईम रीजिस आणि चारमथ ही त्यासाठीची दोन गावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चारमथ निवडावं. तिथं किनाऱ्यालाच हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. आत जाऊन आधी बघायचं की अमोनाईट (वळशांच्या शंखात राहणारा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी) कसा दिसतो, बेलेमनाईट कसा दिसतो. डोळ्याला आकार ओळखीचा झाला की तो दगडांतून वेगळा दिसायला लागतो. त्यांच्याकडे जाणकारांसोबतच्या फेऱ्याही असतात. मुलं सात-आठ वर्षांची असतील तर पहिल्या दिवशी त्या फेरीवर जाणंच बरं.

नियम सोपे आहेत. पुळणीवर सुटे पडलेले जीवाश्म उचलता येतात. कड्यात हात घालायचा नाही, कडा खणायचा नाही. काही दुर्मीळ सापडलं, हाड किंवा कवटीसारखं, तर केंद्रात नेऊन दाखवायचं, तिथं त्याची नोंद होते. हातोडीची गरज पडत नाही. समुद्रानेच फोडून, धुऊन ठेवलेलं असतं. पाण्याच्या कडेला बारीक खड्यांचा थर असतो, तिथं बसून सावकाश बघा. सोनेरी झाक असलेली, नखाएवढी, वळसे असलेली चकती दिसली की तो पायराईटचा, म्हणजे सोन्यासारख्या चमकणाऱ्या खनिजाचा अमोनाईट. बंदुकीच्या गोळीसारखा लांबट दगड म्हणजे बेलेमनाईट, माकुलाच्या एका नामशेष भाऊबंदाच्या शरीरातला कठीण भाग. हिवाळ्यातल्या वादळानंतर सगळ्यात जास्त मिळतं, पण उन्हाळ्यातही रिकाम्या हाताने कोणी सहसा परतत नाही.

माझ्या सासूबाईंना गुडघ्यामुळे फार चालता येत नव्हतं. मुलाने आणून दिलेला अमोनाईट त्यांनी तळहातावर घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर शाळिग्राम!” बरोबरच होतं त्यांचं. गंडकी नदीत मिळणारे शाळिग्राम हे अमोनाईटचेच जीवाश्म आहेत, हिमालय उठण्यापूर्वी तिथं असलेल्या समुद्रातले. त्या दिवशी मुलांना आजीकडून देवघराची आणि आजीला मुलांकडून ज्युरासिक समुद्राची गोष्ट कळली.

लाईमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर, ओहोटीला, सपाट खडकाची लादी उघडी पडते आणि तिच्यात ताटाएवढे अमोनाईट शेजारी शेजारी बसलेले दिसतात. ते तिथंच राहू द्यायचे. हात फिरवा, फोटो काढा.

कड्यांबद्दल गंभीरपणे सांगते. हे कडे ओल्या मातीचे आणि भुसभुशीत खडकाचे आहेत, आणि दरड कोसळताना कोणतीही सूचना मिळत नाही. २०१२ च्या जुलैमध्ये याच किनाऱ्यावर, बर्टन ब्रॅडस्टॉकजवळ, दरड अंगावर येऊन एक तरुणी गेली. सावली मिळते म्हणून कड्याच्या पायथ्याशी चटई टाकू नका.

मेरी अ‍ॅनिंग कोण होती? लाईममध्ये सगळीकडे तिचं नाव दिसतं.

सुताराची मुलगी. १७९९ मध्ये लाईममध्ये जन्मली. वडील फर्निचर करायचे आणि जोडीला किनाऱ्यावरचे ‘विचित्र दगड’ पाहुण्यांना विकायचे. १८१० मध्ये ते गेले, घरावर कर्ज होतं, आणि मुलांनी तेच काम पुढे चालवलं. १८११ मध्ये भाऊ जोसेफला एक मोठी कवटी सापडली. पुढे मेरीने त्याच प्राण्याचा बाकीचा सांगाडा शोधून काढला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर, म्हणजे माशासारख्या आकाराचा प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी होता. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या तशाच एका समुद्री प्राण्याचा संपूर्ण सांगाडा मिळाला.

तिने शोधलेल्या गोष्टींवर पंडितांनी निबंध वाचले, संग्रहालयांनी सांगाडे मांडले, आणि तिचं नाव बहुतेक वेळा राहून गेलं. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत स्त्रियांना तेव्हा सदस्यत्वच नव्हतं. दरड कोसळून तिच्या डोळ्यांसमोर तिचा कुत्रा गेला, तरी दुसऱ्या हिवाळ्यात ती पुन्हा त्याच कड्यांखाली होती, कारण पोट त्याच्यावरच होतं. १८४७ मध्ये ती वारली. तिचं घर जिथं होतं तिथं आज लाईमचं संग्रहालय उभं आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिचा पुतळा बसला, कुत्र्यासह. त्यासाठीची मोहीम गावाजवळच्या एका शाळकरी मुलीने सुरू केली होती. मुलींना घेऊन जाणार असाल तर आधी पुतळ्यापाशी थांबा, मग किनाऱ्यावर जा. माझ्या मुलीने त्या दिवशी जितक्या चिकाटीने दगड पाहिले तितके एरवी पाहिले नसते.

डर्डल डोअरला जावंच का? फोटोत तर सगळीकडे तेच दिसतं.

जावं, पण सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. चुनखडीची ती कमान समुद्राने पोखरली आहे. ‘भोक पाडणे’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून नाव आलं आहे. दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि वाहनतळाचे पैसेही बरेच पडतात. वाट उभ्या उतरणीची आहे, खाली पायऱ्या आहेत, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. कमानीवरून उड्या मारणारे दिसतील. २०२० मध्ये त्यात माणसं गंभीर जखमी झाली आणि हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. मुलांना जवळ ठेवा.

मला स्वतःला शेजारचं ललवर्थ कोव्ह जास्त आवडतं. घोड्याच्या नालेसारखी गोल खाडी, आत शांत पाणी. तिथून पाच मिनिटांवर स्टेअर होल आहे. तिथं खडकांचे थर घडी विस्कटलेल्या लुगड्यासारखे वळलेले आहेत. आल्प्स ज्या हालचालींनी उठले त्यांचाच दूरचा धक्का इथवर आला होता.

पाण्यात उतरता येतं का? फार गार असतं असं ऐकलं.

गार असतंच. भर ऑगस्टमध्येही पाणी साधारण १७-१८ अंश सेल्सियस. गोव्यात पोहलेल्या माणसाचा पहिल्या क्षणी श्वास अडकतो. म्हणून धावत जाऊन उडी घेऊ नका. आधी पाय, मग मनगटं, मानेवर थोडं पाणी, आणि श्वास लागला की मग पुढे. मुलांसाठी वेटसूट भाड्याने किंवा विकत घ्या, त्याने पाण्यातला वेळ दहा मिनिटांवरून तासावर जातो.

उन्हाळ्यात काही किनाऱ्यांवर आरएनएलआय या समुद्रात जीव वाचवणाऱ्या संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधेच पोहायचं. पूर्ण लाल निशाण असेल तर पाण्यात जायचं नाही. ही संस्था १८२४ पासून देणग्यांवर चालते आणि तिच्या बचावनौका नेणारे बहुतेक जण गावातलेच स्वयंसेवक असतात, कोणी सुतार, कोणी शिक्षक. गावात तिची दानपेटी दिसली तर चार पाउंड टाका. पाण्यात ओढले गेलात तर हातपाय मारू नका, पाठीवर तरंगत राहा. किनाऱ्यावरून कोणी बुडताना दिसलं तर ९९९ वर फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागा, स्वतः उडी घेऊ नका.

उथळ वाळूत कधीकधी वीव्हर नावाचा काटेरी मासा पुरून बसलेला असतो. त्याचा काटा रुतला तर जीव कळवळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की वेदना उतरते. रबरी बूट घातले तर प्रश्नच येत नाही.

चेझिल बीचवर मात्र पोहू नका. किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढते.

मग चेझिलला जायचं कशाला?

बघायला. २९ किलोमीटर लांब, नुसत्या गोट्यांचा बांध, आणि त्याच्या आत फ्लीट नावाची खाडी. पश्चिमेला वेस्ट बेकडे गोटे वाटाण्याएवढे, पूर्वेला पोर्टलंड बेटाकडे बटाट्याएवढे. समुद्राने स्वतः चाळून लावल्यासारखे. रात्री धुक्यात होडी लागली तर जुने कोळी गोटा हातात घेऊन आपण कुठल्या गावापाशी आहोत ते ओळखायचे, असं तिथं सांगतात. गोटे घरी न्यायला मनाई आहे.

याच खाडीच्या टोकाला अ‍ॅबट्सबरीचं हंसांचं वसतिस्थान आहे, अकराव्या शतकात मठातल्या साधूंनी सुरू केलेलं. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पिल्लं बाहेर येतात आणि आपण घरट्यांच्या मधून चालत जातो. हे दोन-चार वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडतं.

पोर्टलंड म्हणजे आपल्या सिमेंटच्या पोत्यावरचं पोर्टलंड का?

तेच. भारतात घर बांधलेल्या प्रत्येकाने ‘ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट’ हे शब्द वाचले आहेत. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पेटंट घेतलं आणि आपलं सिमेंट वाळल्यावर पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव दिलं. सिमेंट इथं जन्मलं नाही, नाव तेवढं इथलं. मूळ दगड बघायचा तर टाऊट क्वारीत जा. तिथं जुन्या खाणीत शिल्पकारांनी कातळातच आकृती कोरून ठेवल्या आहेत आणि हिंडायला पैसे लागत नाहीत. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल याच बेटाच्या दगडातून उभं राहिलं. बेटाच्या टोकाला तांबडं-पांढरं दीपगृह आहे, वारा भन्नाट. बेटावरच्या जुन्या लोकांसमोर ‘ससा’ हा शब्द काढू नये. सशांच्या बिळांमुळे खाणी ढासळतात म्हणून तो अशुभ मानतात.

आईबाबांना फार चालवत नाही. त्यांच्यासाठी काय?

वेमथ. समुद्राला लागून लांबलचक सपाट फरसबंदी, जागोजागी बाक, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. तिसरा जॉर्ज राजा तब्येतीसाठी १७८९ पासून इथं समुद्रस्नानाला यायचा, त्याचा रंगीत पुतळा अजून आहे. पुळणीवर बारीक वाळू, उथळ पाणी, उन्हाळ्यात गाढवांच्या सफरी आणि बाहुल्यांचा खेळ.

दुसरा पर्याय स्वॉनिजची वाफेची रेल्वे. हा फाटा १९७२ मध्ये बंद झाला, रूळ उखडले गेले, आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो पुन्हा घातला. नॉर्डनला गाडी लावायची, आगगाडीत बसायचं, कॉर्फ कॅसल गावात उतरून चहा घ्यायचा. वर टेकडीवर किल्ल्याचे भग्न बुरूज दिसतात. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात लेडी मेरी बँक्सने तो राजाच्या बाजूने लढवला होता. पडल्यावर १६४६ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने सुरुंग लावून फोडला. बुरूज अजूनही तिरके उभे आहेत. गड चढायचा नसेल तरी खालून दिसतो तेवढा पुरेसा आहे.

लाईमचा कॉब, म्हणजे समुद्रात वळत गेलेली जुनी दगडी भिंत, वरून चालायला वयस्कांनी जाऊ नये. वरची वाट समुद्राकडे कलती आहे आणि कठडा नाही. खालच्या वाटेने बंदर छान दिसतं.

गाडी चालवत नसू तर?

जमतं. वेअरहॅम किंवा वेमथपर्यंत रेल्वे, लाईमसाठी अ‍ॅक्समिन्स्टरला उतरून बस. स्वॉनिजकडे पर्बेक ब्रीझर बसेस जातात, त्यांतली बोर्नमथहून येणारी उन्हाळ्यात उघड्या छताची असते आणि सँडबँक्सला साखळीवर चालणाऱ्या तरीत बसमध्ये बसल्या बसल्या पाणी ओलांडते. मुलांसाठी तीच सहल. हिवाळ्यात बसच्या फेऱ्या कमी होतात, शेवटची बस कधी ते आधी बघा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

आता होत नाहीत. तरी दोन गोष्टी विचारून घ्या. चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, कशात तळतात? काही जुन्या दुकानांत अजून गोमांसाच्या चरबीत तळतात. आणि माशांच्या कढईतच तळतात का? फलकावर लिहिलेलं नसलं तरी विचारलं की ते सरळ सांगतात.

क्रीम टी मात्र घ्याच: गरम स्कोन (छोटा मऊ पाव), मुरांबा आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे दुधावरची दाट साय असते तशी, फक्त चमच्याने कापावी लागेल इतकी घट्ट. स्कोनवर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो, अंडं चालत नसेल तर विचारा. डॉर्सेटचा सफरचंदाचा केकही चांगला. दुपारसाठी मी थालीपिठं आणि लसणीची चटणी डब्यात नेते. वाऱ्यात बसून खायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. सीगलपासून जपा. हातातला घास ते मागून येऊन उचलतात, म्हणून भिंतीला पाठ लावून बसा.

मासे खाणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात वेमथ आणि लाईमहून मॅकरेल पकडायला छोट्या होड्या तास-दीड तासासाठी नेतात. आपल्या बांगड्याचाच हा थंड पाण्यातला चुलत भाऊ. धरलेला मासा घरी नेऊन तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर टाकला की कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. खेकड्याचं सँडविचही इथलं खास.

शेतांतून चालत गेलं तर कोणी रागावत नाही?

‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी असेल तर तो तुमचा हक्क आहे, शेत खासगी असलं तरी. वाट सोडायची नाही, फाटक जसं होतं तसं लावायचं, गाईंबरोबर वासरं असतील तर लांबून जायचं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा कागदी नकाशा घ्या (स्वॉनिज-कॉर्फकडच्या पर्बेक भागासाठी ओएल १५, लाईमसाठी ११६), कारण दऱ्यांत फोनला रेंज मिळत नाही. किनाऱ्याने जाणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही १,००० किलोमीटरहून लांब पायवाट स्टडलंडच्या टोकाला संपते. जमेल तितकी चाला. स्टडलंडहून ओल्ड हॅरीपर्यंतचा तुकडा सपाट आहे, मुलांनाही जमतो, फक्त टोकाला कुंपण नाही. दम असेल त्यांनी गोल्डन कॅप चढावं: १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची सर्वांत उंच जागा.

स्टडलंडच्या पुळणीवर जाताना काही लक्षात ठेवायचं का?

हो. तिथली पुळण फार सुंदर आहे, पण तिचा एक पट्टा विवस्त्र सूर्यस्नान करणाऱ्यांसाठी राखीव आहे. फलक लावलेले आहेत. आजीआजोबा आणि मुलांसह चालत लांब जाणार असाल तर फलक वाचा आणि अलीकडूनच वळा. त्या लोकांकडे रोखून बघणं किंवा त्या बाजूला कॅमेरा धरणं वाईट.

पाऊस लागला तर?

लागणारच, एखादा दिवस. किमरिजला एचेस कलेक्शन हे संग्रहालय आहे. व्यवसायाने प्लंबर असलेल्या स्टीव्ह एचेस यांनी आयुष्यभर गोळा केलेले जीवाश्म तिथं आहेत, आणि कड्यातून काढलेली प्लायोसॉर या प्राचीन समुद्री शिकारी प्राण्याची प्रचंड कवटीही. उघडीप मिळाली की खाली किमरिज बेवर ओहोटीत डबकी बघा: समुद्रफुलं, टोपीसारखे चिकटलेले शिंपले, बोटाएवढे मासे. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

पावसाच्या दिवशी मी पाहुण्यांना टाईनहॅमलाही नेते. १९४३ च्या डिसेंबरमध्ये सैन्याच्या सरावासाठी हे गाव रिकामं केलं. युद्ध संपल्यावर परत येऊ या विश्वासाने लोक चर्चच्या दारावर ‘घरं नीट सांभाळा’ अशी चिठ्ठी लावून गेले. त्यांना कधी परत येता आलं नाही. घरांच्या भिंती उभ्या आहेत, शाळेत मुलांच्या नावांच्या खुंट्या आहेत. अजूनही तो सरावाचा भाग आहे, म्हणून बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांतच रस्ता उघडतो. आधी खात्री करूनच निघा.

ब्राउनसी बेट मुलांना आवडेल का?

आवडेल. पूल बंदरावरून बोट, बेटावर लाल खारी आणि मोर. शाळेत स्काउट-गाइडच्या तासाला बेडन-पॉवेल यांचं नाव ऐकलेलं असेल. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वीस मुलांना घेऊन स्काउट शिबिराचा पहिला प्रयोग इथंच केला. माझे वडील शाळेत स्काउट होते. त्या जागेचा दगड बघून ते बराच वेळ तिथं उभे राहिले, म्हणून मी हे बेट प्रत्येक आजोबांना सुचवते. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेचे सदस्य असाल तर बेटावर प्रवेश आणि स्टडलंड, कॉर्फचे वाहनतळ त्यात येतात, बोटीचे पैसे वेगळे.

संध्याकाळी करायचं काय? सहालाच दुकानं बंद होतात.

होतात. पबमध्येही जेवण बहुधा साडेआठ-नऊपर्यंतच मिळतं, म्हणून आधी जेवून घ्या आणि मग बाहेर पडा. जूनमध्ये त्यानंतर तासभर उजेड असतो. दिवसभरासाठी आलेल्या गाड्या गेलेल्या असतात. मुलांच्या हातात बादली, दोरी आणि बेकनचा तुकडा द्या (घरी चालत नसेल तर माशाचा), आणि लाईमच्या किंवा वेमथच्या बंदराच्या भिंतीवरून खेकडे धरू द्या. बादलीत समुद्राचंच पाणी घ्या, एका वेळी चार-पाचच ठेवा, आणि निघताना पाण्याजवळ बादली हळूच आडवी करा. खेकडे तिरके तिरके चालत पाण्यात जातात, आणि मुलं शेवटचा दिसेनासा होईपर्यंत हलत नाहीत.